एकतारी पाकाचा फोटो

"आधी वरचे दिवे बंद करा. सगळे. आणि पंखाही, कोथिंबीर सुकतेय."

कोणीतरी उठून खटाखट बटणं दाबतं आणि माडीवरचा लांबट दिवाणखाना एकदम अंधारल्यासारखा होतो. "आता काय दिसायचं ओ?" मागच्या रांगेतून एक काकू विचारतात. शिकवणाऱ्या ताई उत्तर देत नाहीत. अर्धा मिनिट तसंच जाऊ देतात. हळूहळू डोळे सरावतात. उत्तरेच्या दोन उंच खिडक्यांतून श्रावणातला ढगाळ उजेड आडवा आत येतोय आणि टेबलावर ठेवलेल्या भरल्या वांग्यांच्या डाव्या अंगावर पडतोय. मघाशी ट्यूबलाइटखाली नुसता तपकिरी दिसणारा रस्सा आता उलगडतो. दाण्याच्या कुटाचे कण वेगळे दिसतात, तेलाचा तवंग वेगळा दिसतो, वांग्याच्या सालीवर देठापासून खाली उतरणारी एक चमक दिसते.

"दिसलं ना? आता फोन काढा."

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून थोडं आत, एका जुन्या घराच्या माडीवर हा एक दिवसाचा वर्ग भरला आहे. घरच्या पदार्थाचा फोटो कसा काढायचा आणि तो पदार्थ ब्लॉगवर कसा लिहायचा, एवढाच विषय. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसले आहे. समोर पंधराएक जण आहेत, बहुतेक बायका. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एक मावशी मिरजेहून आल्यात. एक सासू-सून जोडीने आल्यात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्या हातचं भडंग पाहुण्यांकडून मागून नेलं जातं असं शेजारची बाई सांगते. पुण्यात खोलीवर राहून शिकणारा एक मुलगा आहे, सुट्टीला घरी आलेला. प्रत्येकाने घरून एक पदार्थ डब्यात आणलाय आणि सोबत एक वाटी. पदार्थ कशाला ते उघड आहे. वाटी कशाला, हे ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

सगळे उठून वांग्यांभोवती जमतात आणि सगळेच वरून, उभ्याउभ्या फोटो काढतात. दोघींच्या फोनचा फ्लॅश पडतो. ताई ते दोन फोन मागून घेतात आणि फोटो सगळ्यांना फिरवून दाखवतात. समोरून पडलेल्या उजेडाने सावल्या पुसून गेल्यात, वांगं कुठे संपतं आणि रस्सा कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि तवंगावर पांढरे ठिपके उमटलेत. "फ्लॅश कायमचा बंद," ताई म्हणतात. "आणि कॅमेऱ्याची काच पुसा. आपल्या फोनवर कायम तेलाची बोटं असतात. धुरकट फोटोला निम्म्या वेळा कारण तेवढंच असतं." पदरांनी, ओढण्यांनी, चष्म्याच्या फडक्यांनी पंधरा काचा पुसल्या जातात.

मग त्या पातेलं टेबलाच्या कडेला, खिडकीजवळ सरकवतात, आणि सगळ्यांना अशा जागी उभं करतात की खिडकी पदार्थाच्या मागे, जराशी डावीकडे येईल. घड्याळात दहा वाजता तास-काटा जिथे असतो तिथे. फोन ताटाच्या पातळीपासून अर्ध्या उंचीवर, जेवायला बसलेल्या माणसाला ताट दिसतं तेवढा कलता. मागून येणारा उजेड रश्श्यावरून घसरत कॅमेऱ्याकडे येतो, म्हणून रस्सा ओला दिसतो. पुढची बाजू मात्र काळवंडते. तिथे ताई थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा धरतात, आणि खिडकीचा उजेड त्यावरून उलटून सावलीत शिरतो. तुकडा जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. त्या तो पुढे-मागे करतात, आणि सूनबाई फोनच्या पडद्यावर बघत "अजून थोडं, थोडं, बास" म्हणत राहते. या वर्गात विकत आणलेलं उपकरण असं काहीच नाही. थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला, आणि ऊन पडलं तर खिडकीला लावायला एक जुनं पांढरं धोतर घडी करून ठेवलंय.

आपलं बरंचसं जेवण पिवळं आणि तपकिरी. पिठलं, आमटी, थालीपीठ, झुणका, मटकीची उसळ, पुरणपोळी. वर्षानुवर्षं आपल्याच बायका म्हणत आल्यात की हे चवीला असतं, फोटोला नाही. मला ते कधीच पटलेलं नाही, आणि आज इथे ते खोटं ठरताना डोळ्यांसमोर दिसतंय. फोनचा कॅमेरा आपणहून रंग समतोल करू पाहतो. समोर ताटभर पिवळं पिठलं आलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळं मिसळतो आणि पिठलं आजारी दिसतं. त्यात वरून पिवळा दिवा आणि खिडकीतून दिवसाचा उजेड असे दोन रंगांचे उजेड एकत्र आले, तर त्याने कुठला धरावा? म्हणून दिवे बंद. पांढऱ्या भाताचंही तसंच. नुसता भात चौकटीत भरला की फोन उजेड कमी करतो आणि इंद्रायणी राखाडी होते. काळा तवा भरला की उजेड वाढवतो आणि तव्यावरची भाकरी पांढरीफटक. ताई भातावर बोट टेकवायला लावतात, बाजूला छोटा सूर्य उगवतो, तो वर सरकवला की भात पांढरा होतो. पहिल्यांदा ते जमतं तेव्हा मागच्या रांगेतल्या काकू "अगं बाई" म्हणतात आणि लगेच सूर्य खाली-वर, खाली-वर करत बसतात.

स्टीलच्या ताटाने बराच वेळ खाल्ला. सासूबाईंनी वाढलेलं ताट सुरेख आहे, पण फोटोत त्याची कड पिवळीधमक येतेय आणि कोणालाच कारण सापडत नाही. ताट पुसून होतं. फिरवून होतं. शेवटी ताई हसतात आणि म्हणतात, "काकू, तुम्ही जरा मागे व्हा." सासूबाई दोन पावलं मागे सरकतात आणि पिवळा रंग ताटावरून निघून जातो. त्यांची साडी हळदी रंगाची आहे. मग कोणीतरी त्यांच्या अंगावर पांढरी ओढणी टाकते आणि त्या पुन्हा जवळ येऊन, मान ताठ ठेवून, ताटावर फोन धरतात.

हे ताट वरून काढायचं आहे. सपाट मांडलेलं जे काही असेल, रांगोळी असो की ताट, ते वरून. उंची असलेलं, थर असलेलं जे असेल, एकावर एक रचलेल्या पोळ्या किंवा वडापाव, ते समोरून. फोन जमिनीला समांतर हवा, आणि ताटाच्या फार जवळ नको. जवळून काढलं की कॅमेऱ्याकडची वाटी फुगते आणि गोल ताट लांबोळकं होतं. दोन पावलं मागे या, स्टुलावर चढा आणि दुप्पट झूम करा, ताट गोल येतं. सून स्टुलावर चढते, सासू स्टूल धरते.

फोटो निघतो, आणि त्यात काहीतरी चुकलंय हे पहिल्यांदा सासूबाईंच्याच लक्षात येतं. सून फोटो जरा कलता करायला गेली आणि तिने तो चुकून आरशासारखा उलटा केलाय. चटणी, कोशिंबीर, लोणचं उजवीकडे गेलंय आणि भाजी, आमटी डावीकडे. "हे असं वाढतात का?" त्या विचारतात. मीठ वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड, डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची, उजवी भाजी-आमटीची, खाली समोर वरणभाताची मूद. ताई पूर्ण वर्गाला थांबवून हे पुन्हा ऐकवतात. फोटो सजवताना डावं-उजवं पलटायची सोय प्रत्येक फोनात आहे. छापील जाहिरातींतसुद्धा मी पलटलेली मराठी ताटं पाहिली आहेत, आणि दर वेळी खटकली आहेत. ताट कसं वाढायचं ते ज्याला ठाऊक नाही, तो हे ताट बघून शिकणार आहे. त्याला उलटं शिकवायचा अधिकार कोणाला नाही.

एका मुलीने पिशवीतून तरटाचा तुकडा, लाकडी फळी आणि मूठभर चक्रीफूल, दालचिनी काढलीय. वांग्यांच्या भोवती ती ते पसरायला लागते. हात सराईत आहे, मांडणी देखणी होतेय.

"तुमच्या वांग्यात चक्रीफूल आहे?" ताई विचारतात.

"नाही."

"मग कोणी करायला घेतलं आणि तिने घातलं तर?"

मुलगी चक्रीफुलं गोळा करते. ताई तिला रागावलेल्या नाहीत. त्या शेजारी बसून विचारतात की वांग्यात काय काय आहे, आणि मुलगी सांगत जाते तसतसं ते टेबलावर येतं. दाण्याचं कूट, चिंचेचं बुटूक, गुळाचा खडा, काळा मसाला. मधे देठासकट एक कच्चं वांगं, आडव्या-उभ्या चिरा देऊन, आतला मसाला दिसेल असं उकललेलं. देठ तसाच, काट्यांसकट. कृष्णाकाठची वांगी आहेत, ती कृष्णाकाठची वाटली पाहिजेत. आता हा फोटो बघून बाजारात जाणाऱ्याला काय आणायचं ते समजेल.

तिथे मला या वर्गाचा सूर कळतो. फोटो बघणारा कोणी एक जण हे उद्या आपल्या ओट्यावर करून बघणार आहे, असं ताई धरूनच चालतात. त्याला फोटोने मदत केली की नाही, एवढंच त्या तपासतात. चांगल्या फोटोची याहून चोख कसोटी मला माहीत नाही.

साडेअकराच्या सुमारास गॅलरीतल्या शेगडीवर मिरजेच्या मावशी कढई ठेवतात. दोन वाट्या रवा तुपावर भाजून आणलाय, आता दीड वाटी साखर आणि पाऊण वाटी पाणी. रव्याचे लाडू. मावशींनी फोटोसाठी तयार लाडवांचा डबाही आणलाय, चांदीचा वर्ख लावलेले, एकसारखे. ताई डब्याकडे बघतात, कौतुक करतात आणि झाकण लावून बाजूला ठेवतात.

"लाडू कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे, मावशी. लाडू बिघडतो कुठे?"

"पाकात," मावशी लगेच म्हणतात. "कच्चा राहिला तर सैल, लाडू बसतो. पुढं गेला तर कडक, फोडायला बत्ता लागतोय."

"मग पाकाचा फोटो काढू."

साखर विरघळते, उकळी फुटते, बुडबुडे आधी मोठे आणि घाईचे, मग बारीक आणि सावकाश होतात. मावशी उलथन्याने एक थेंब बशीत टाकतात, क्षणभर निवू देतात, अंगठा आणि पहिलं बोट त्यावर टेकवून हलकेच उघडतात. नुसतं चिकट. काही नाही. "हा पहिला फोटो," ताई म्हणतात. कोणालाच कळत नाही. काहीच झालेलं नसताना फोटो कशाचा? "जिला तार माहीत नाही, तिला तार नसलेलीही दाखवायला हवी."

दुसऱ्या थेंबाला तार येते आणि बोटं पुरती उघडायच्या आत तुटते. मावशींच्या बोटांसमोर सहा फोन येतात. एकाही फोटोत तार नाही. फोनला एवढी बारीक गोष्ट सापडत नाही, तो तिच्यामागची भिंत धरतो. आणि भिंत पांढरी असल्यामुळे साखरेची पारदर्शक तार तिच्यात नाहीशी होते. ताई शेगडी बारीक करायला सांगतात. मग मावशींना खिडकीत, उजेडाकडे पाठ करून बसवतात, म्हणजे उजेड हाताच्या मागून येईल. हाताच्या मागे काळं काहीतरी हवं. शोधाशोध होते. शेवटी आतून भाकरीचा तवा येतो, आणि पुण्याचा मुलगा तो मावशींच्या खांद्यामागे, हातापासून वीतभर अंतरावर, खिडकीच्या उजेडाची वाट सोडून धरतो.

"आता तार नसताना नेम धरायचा," ताई म्हणतात. मावशी कोरडी बोटं मिटून धरतात. सून फोनच्या पडद्यावर बोटांच्या टोकावर बोट दाबून धरते, चौकोन स्थिर होतो, फोकस तिथेच अडकतो. आता मधलं अंतर बदलायचं नाही, ना फोनने हलायचं, ना मावशींनी. फोन दोन डब्यांमध्ये अडकवून ठेवलाय. बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो निघत राहतील.

तिसरा थेंब. मावशी बोटं टेकवतात, उघडतात. खोलीत कोणी बोलत नाही. काळ्या तव्यासमोर अंगठ्यापासून बोटापर्यंत एक झळझळीत रेघ ताणली जाते, मधे जराशी झोळ खाते आणि टिकते.

"काढला?"

"काढला! काढला!"

पडद्यावर तो फोटो मोठा करून बघताना मी पुन्हा पुन्हा थांबते. मावशींच्या नखात साखरेचा कण आहे. अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग आहे. मधली तार केसाएवढी, पण पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत अखंड, आणि तिच्या मध्यावर एक इवलासा मणी, त्यात खिडकी उलटी उमटलेली. एकतारी पाक म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पुस्तकांत वाचत आलेय. ते असं, इतकं स्पष्ट, आईच्या शेजारी उभं न राहता कोणाला दाखवता येईल असं मला वाटलं नव्हतं. तीन फोटो शेजारी शेजारी लावले जातात. चिकट, तुटलेली तार, टिकलेली तार. खाली ताई मावशींकडूनच मजकूर सांगून घेतात. 'तिसऱ्यासारखी तार आली की लगेच गॅस बंद करा. चौथीची वाट बघू नका.'

तेवढ्यात पाक पुढे गेलेला असतो. मावशी पाण्याचा हबका मारून तो मागे आणतात, रवा घालतात, झाकून ठेवतात. हेही लिहायचं, ताई म्हणतात. पाक पुढे गेला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा उकळी आणायची, हे कितीतरी जणींना माहीत नसतं आणि त्या घाबरून सगळी साखर ओतून देतात.

जेवण तिथेच, आणलेल्या डब्यांचं. वाफेचा फोटो काढायचा राहिला म्हणून भात मात्र ताजा लावला जातो. झाकण उघडल्यावर गडद पाठ आणि मागचा उजेड असेल तरच वाफ दिसते, आणि ती पहिल्या मिनिटात काय दिसेल तेवढीच. फोन आधी मांडून ठेवायचा, रिकाम्या ताटावर सगळी जुळणी करायची, आणि खरा पदार्थ शेवटी आणायचा. तूप थिजायच्या, पुरी बसायच्या, भजी सादळायच्या आत.

दुपारी दीडनंतर वाट्या बाहेर येतात.

टेबलावर त्या एका ओळीत मांडल्या जातात. काठाची वाटी, बिनकाठाची, पितळेची, बुडाला नाव कोरलेली, लग्नात आलेली. प्रत्येकीची रोजची मापाची वाटी. ताई एकेक वाटी पाण्याने काठोकाठ भरतात आणि खुणांच्या मापपात्रात ओततात. 150 मिली. 180. 110. 200. एक तर 230 मिली भरते. सासू-सुनेच्या वाट्या वेगळ्या निघतात, सासूची 180, सुनेने माहेराहून आणलेली 130. दोघी एकमेकींकडे बघतात. "तरीच," सून म्हणते, "तुम्ही सांगता तेवढंच मीठ घालते आणि माझंच खारट होतं."

यातली गंमत ताई नीट समजावतात. सगळं एकाच वाटीने मोजलं, दोन वाट्या रवा आणि दीड वाटी साखर, तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते वाटीच्या सोबतीला चमचा आला की. चमचा सगळ्यांचा साधारण सारखा, वाटी निरनिराळी, आणि मीठ, तिखट, सोडा हे सगळं चमच्याचं खातं. म्हणून पोस्टमध्ये पहिल्या ओळीत आपली वाटी किती मिलीची ते लिहून टाकायचं. कप लिहिला तर 240 मिलीचा, छोटा चमचा 5 मिलीचा, मोठा 15 चा. वाटी सोडायची गरज नाही. कमलाबाई ओगले याच मुलखातल्या, जन्म कुंडलचा, शाळा चौथीपर्यंत. 1970 साली त्यांचं 'रुचिरा' आलं ते वाटी-चमच्याच्या मापातच आलं, आणि त्यावर महाराष्ट्रातल्या पिढ्या स्वयंपाक शिकल्या. ज्या काळी पाककृती 'अंदाजाने' या शब्दावर संपायची, त्या काळी त्यांनी मापाचा आग्रह धरला. आज फोन हातात असलेल्यांनी त्यापेक्षा ढिलाई करावी, हे मला बरोबर वाटत नाही.

वेळेचंही तसंच. 'मसाला सात मिनिटं परता' हे पुरेसं नाही, कारण शेगडी, कढई, आच सगळं वेगळं. 'कडेने तेल सुटेपर्यंत, साधारण सात-आठ मिनिटं' असं दोन्ही द्यायचं. खूण आणि वेळ. दोन्हीत तफावत पडली तर खुणेवर विश्वास ठेवायचा, आणि त्या खुणेचाच फोटो काढायचा.

गावभागातल्याच एक बाई इतका वेळ शांत बसल्या आहेत. आता त्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही काढतात. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा ही वही खालच्या फडताळात होती. आजेसासूबाईंच्या अक्षरातल्या कृती. पानं एकमेकांना चिकटलीत, शाई पसरलीय, काही ठिकाणी नुसता निळा डाग उरलाय. त्यांना ब्लॉग लिहायचाय तो यासाठी. जेवढं वाचता येतंय तेवढं पुन्हा पाण्यात जायच्या आत कुठेतरी उतरवायचंय.

ताई आधी वही जमिनीवर सपाट ठेवतात, खिडकी बाजूला येईल अशी. पानाचा फोटो वरून, फोन अगदी समांतर, फ्लॅश नाही. उजेड बाजूने आला की पेन दाबून लिहिल्याने पडलेले चर सावलीत उठून दिसतात. शाई गेलेल्या एका ओळीत असा चर वाचता येतो. दोघी गुडघ्यांवर वाकून अक्षर लावतात. "'मेथ्या'... नाही, 'मेतकुटाला'... 'पाव शेर'." पाव शेर म्हणजे किती, यावर खोलीत चर्चा सुरू होते, कारण शेर वजनाचाही होता आणि मापाचाही, आणि वहीत कुठला ते लिहिलेलं नाही. ताई म्हणतात, दोन्ही प्रकारे करून बघा, जे जमेल ते लिहा, आणि मूळ ओळही जशी आहे तशी वर ठेवा. त्या बाई प्रत्येक पान उलटताना खालून हात देतात.

ब्लॉग उघडण्याचा भाग पटकन होतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्ही मोफत सुरू करता येतात, पंधरा मिनिटांत बहुतेकांच्या पडद्यावर कोरं पान तयार. फोनमधला 4000 पिक्सेल रुंदीचा, तीन-चार एमबीचा फोटो तसाच चढवायचा नाही, तो 1200 पिक्सेलवर आणायचा, म्हणजे गावाकडे रेंज कमी असलेल्या माणसालाही पान उघडेल. फोटोखाली त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहायचं. ज्यांना दिसत नाही त्यांचे फोन ते वाक्य वाचून दाखवतात, आणि अंध माणसंही स्वयंपाक करतात. दुसऱ्याचा फोटो उचलायचा नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तो ज्याचा त्याचा आहे. कृती दुसऱ्याकडून शिकलात तर नाव घ्यायचं. कोणी मसाल्याची पाकिटं फुकट पाठवून लिहायला सांगितलं तर ते वाचणाऱ्याला दिसेल असं आधी सांगायचं. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने 2021 मध्ये तसे नियमच केले आहेत. मिरजेच्या मावशी हे सगळं लिहून घेतात.

चार वाजत आलेत. काकांचं भडंग शेवटी राहिलंय, आणि पाऊस पुन्हा सुरू झाल्यामुळे हवा दमट आहे. डबा उघडला की चुरमुरे सादळणार, म्हणून आधी रिकाम्या बशीवर जुळणी होते. खिडकी बाजूला, फोन खाली, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर. बाजूने आलेला उजेड प्रत्येक चुरमुऱ्याची एक कड उजळतो आणि दुसऱ्या बाजूला बारीक सावली टाकतो, आणि त्या सावल्यांमुळेच ढीग कुरकुरीत वाटतो. मग डबा उघडतो. वर तळलेल्या लसणाचे तांबूस काप, कढीपत्ता, शेंगदाणे. काका तीन फोटो काढतात, तिसरा ताईंना दाखवतात, आणि ताई काही न सुधारता फोन परत देतात. काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नाही.

पोस्ट त्यांनी दुपारीच एका बोटाने टाइप करून ठेवलीय. पुण्याचा मुलगा ती मोठ्याने वाचतो. अर्धा किलो चुरमुरे, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, लसणाचे दोन गड्डे, तेल एक वाटी, वाटी 150 मिलीची. तिखट अंदाजे.

"काका," मुलगा म्हणतो, "मी खोलीवर करणार आहे हे. अंदाजे म्हणजे किती?"

"अरे, रंग बघून."

"मला रंग कुठे माहिताय?"

काका बशीतल्या भडंगाकडे बघतात, मग फोनकडे. शेजारची बाई म्हणते, तीन चमचे घाला की. कोणी म्हणतं चार. तिखट कुठलं, ब्याडगी की लवंगी, त्यावरही अवलंबून. काका ऐकून घेतात. त्यांचं बोट 'प्रकाशित करा' या बटणाच्या वर आहे. ताई म्हणतात, "आज टाका, उद्या दुरुस्त करता येतं."

"नको," काका म्हणतात. "मधे कोणी केलं तर?"

'अंदाजे' हा शब्द ते एकेक अक्षर करून खोडतात, त्या जागी रिकामी जागा ठेवतात, पोस्ट तशीच मसुद्यात जपून ठेवतात आणि घरी फोन लावतात.

"अगं ऐक, तिखटाच्या डब्यातला चमचा तेवढा बाजूला काढून ठेव. हो, तोच, वाकलेला. त्यात पाणी किती मावतं ते बघायचंय. आणि येताना चुरमुरे आणतो, संध्याकाळी परत एकदा करू."